श्रेय फूटपाथचं

गेले अकरा महिने मी परदेशात फिरते आहे आणि धावते आहे. फिरण्याबद्दल आता कुणी फारसं विचारत नाही. लॅपटॉप घेऊन देशोदेशी राहणारं एखादं पोर हल्ली प्रत्येक नातेवाइकांच्या गोतावळ्यात असतंच. धावण्याबद्दल मात्र सगळे विचारतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : एवढी शिस्त आणतेस कुठून? शहर नवं, खोली नवी, जेवण नवं, आणि तरी आठवड्यातून चार दिवस बूट बांधून बाहेर पडतेस, कमाल आहे तुझी!

हे कौतुक मला परत करायचं आहे. ते चुकीच्या पत्त्यावर आलंय. शिस्त माझ्याकडे चारचौघींइतकीच आहे. या अकरा महिन्यांत मी जिथे धावले तिथे धावण्यासारखी जागा होती म्हणून धावले, आणि जिथे नाही धावले तिथे ती नव्हती म्हणून नाही धावले. यापलीकडे सांगण्यासारखं गुपित माझ्यापाशी नाही. पण एवढं साधं उत्तर लोकांना पुरत नाही. त्यांना पहाटेचा गजर हवा असतो, आरशावर चिकटवलेला कागद हवा असतो, ‘मनाला लागलेली सवय’ हवी असते. धावणं ही चारित्र्याची परीक्षा आहे, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे, आणि या ठरवण्यातून काही लोकांची फार मोठी सोय होते. तक्रार त्या सोयीबद्दल आहे.

‘प्रवासात धावणं कसं टिकवावं’ या विषयावरचा उपदेश एव्हाना मला पाठ झाला आहे. बूट बॅगेत सगळ्यात आधी भरा. पोचलात की दुसऱ्याच दिवशी सकाळी धावा. हॉटेलात जिम आहे की नाही ते बघून घ्या. सलग दोन दिवस खाडा करू नका. फारच कंटाळा आला तर निदान दहा मिनिटं तरी चाला, पण साखळी तोडू नका. यातला एकही सल्ला खोटा नाही. बूट मीही आधीच भरते, कारण नंतर ते मावत नाहीत. पण हे सगळे सल्ले एका गोष्टीवर मूग गिळून बसतात : ज्या खोलीतून तुम्ही सकाळी बाहेर पडणार, तिच्या दाराबाहेर काय आहे?

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. टेस्टर येऊन सांगतो की प्रोग्राम चालत नाही, आणि प्रोग्रामर मान वर न करता म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर काय काय आधीपासून बसवलेलं आहे, ते त्याला दिसत नसतं एवढंच. शिस्तीवर प्रवचन देणारा प्रत्येक धावक मला या प्रोग्रामरसारखा वाटतो. त्याच्या मशीनवर नदीकाठचा रस्ता बसवलेला असतो, पहाटे साडेचारला एकट्याने घराबाहेर पडण्याची मुभा बसवलेली असते, आल्यावर तयार असलेला नाश्ता बसवलेला असतो. आणि तो सांगतो, माझ्या मशीनवर तर चालतंय.

मुराकामींचं धावण्यावरचं पुस्तक आमच्या पिढीतल्या धावणाऱ्यांच्या बॅगेत असतंच. मलाही ते आवडतं. पण ते सुरू कुठे होतं? हवाईतल्या काउआई बेटावर. पुढे ते केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठाने जातं. त्या पुस्तकातून आपले वाचक एकांत उचलतात, चिकाटी उचलतात, वेदना कशी सोसावी तेही उचलतात. नदीकाठी धावायला अखंड मोकळी वाट आहे, ही गोष्ट मात्र कुणी अधोरेखित केल्याचं मी पाहिलेलं नाही. तीच वाट मुठेच्या काठाने आखून बघा. पुस्तकाची पानं अर्ध्यावर येतील.

आता माझा हिशेब. बँकॉकला दोन महिने, क्वालालंपूरला एक, हनोईत तीन, बर्लिनला तीन आणि पुन्हा बँकॉकला दोन. माणूस तोच, गजर तोच, बुटांचे जोड दोन. नमुना एकाच बाईचा असल्यामुळे यावर कुणी शोधनिबंध लिहू नये. पण शहर बदललं की माझी ‘शिस्त’ किती बदलली, हे बघण्यासारखं आहे.

बँकॉकची लुंफिनी बाग सुमारे सत्तावन्न हेक्टरांची आहे. नाव बुद्धाच्या लुंबिनीवरून. विसाव्या शतकाच्या विशीत सहाव्या रामाने, म्हणजे राजा वजिरावुधने, राजघराण्याची ही जमीन दिली. दारात त्याचा पुतळा आहे. आत अडीच किलोमीटरची फेरी, वाहन नाही, झाडं आहेत, तळ्यात आपल्या घोरपडीच्या मोठ्या चुलत्या शोभतील अशा घोरपडी आहेत आणि त्या रस्ता ओलांडताना सगळे धावक थांबतात. बाग उजाडायच्या आधी उघडते आणि अंधार पडल्यावरही काही तास उघडी असते. दिवे लागलेले असतात. संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि धावणारी शेकडो माणसं जागच्या जागी उभी राहतात. छाती धपापत असते, मनगटावरचं घड्याळ सेकंद मोजत असतं, आणि वेग बिघडला म्हणून कुणी कुरकुरत नाही. गीत संपलं की सगळे पुन्हा सुटतात.

मी तिथे शॉर्ट्स घालून रात्री आठला धावले. ही माझ्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट आहे, हे बायकांना समजावून सांगावं लागणार नाही. पुरुषांसाठी सांगते : कुणी बघितलं नाही. साठीच्या आज्या गाण्यावर एरोबिक्स करत होत्या, कॉलेजच्या मुली धापा टाकत होत्या, आणि मी त्यांच्यातली एक घामट बाई होते. पहिल्या आठवड्यात चार दिवस धावले, दुसऱ्या आठवड्यात पाच. निश्चय वगैरे करावा लागलाच नाही.

बँकॉक म्हणजे स्वर्ग नव्हे. बागेच्या फाटकाबाहेर फूटपाथ तुटके आहेत, आणि गर्दीच्या वेळी मोटरसायकली त्यांच्यावरून खुशाल चालतात. थंडीत हवा इतकी बिघडते की छाती भरून श्वास घ्यायचीच भीती वाटते. पण या शहराने तंबाखूच्या सरकारी कारखान्याची भर शहरातली जागा घेतली आणि तिथे तळी, पाणथळ आणि झाडं असलेलं बेंजाकिटी हे उद्यान वाढवलं. त्याचा वनासारखा भाग २०२२मध्ये लोकांसाठी पूर्ण खुला झाला. लुंफिनीपासून तिथपर्यंत पायी आणि सायकलवाल्यांसाठी सुमारे सव्वा किलोमीटरचा उन्नत मार्ग आहे. ही जागा बिल्डरला किती कोटींना गेली असती, याचा हिशेब मांडायची मराठी माणसाला सवय आहे, म्हणून तो इथे मांडत नाही.

क्वालालंपूरला महिनाभर होते. बागा तिथेही उत्तम आहेत. पेट्रोनास टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या उद्यानात धावायला १.३ किलोमीटरचा मऊ ट्रॅक आहे. पण माझी खोली आणि सगळ्यात जवळची बाग यांच्यामध्ये सहापदरी रस्ता होता आणि तो पायी ओलांडायची सोय नव्हती. सरळ रेषेत आठशे मीटर, प्रत्यक्षात टॅक्सी. टॅक्सीने धावायला जाणं मला जमलं नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. माझी कीर्तिमान शिस्त मलेशियात विमानतळावरच अडवली असावी.

हनोई तर माझ्या बाजूने साक्ष द्यायलाच वसवलंय असं वाटतं. तिथल्या जुन्या भागात फूटपाथ भरपूर आहेत, फक्त ते चालायला नाहीत. त्यांच्यावर मोटरसायकली लावतात, बुटक्या स्टुलांवर बसून लोक फो खातात, भाजी निवडतात, भांडी घासतात. मला हे बघायला आवडायचं. धावायला जागा मात्र नसायची. पण २०१६पासून होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात. तळ्याची फेरी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. मग काय व्हायचं? माझी शिस्त शुक्रवारी संध्याकाळी उगवायची आणि रविवारी रात्री मावळायची. तीन महिने, न चुकता. सोमवारी ती कुठे जायची? माझ्या मनोबलाला आठवड्याच्या वारांचं इतकं अचूक भान आहे, असं मानायचं असेल तर माना. माझ्या मते तिथे बॅरिकेड लागायचे आणि निघायचे, एवढंच.

बर्लिनमधलं टेंपेलहोफ हे जुनं विमानतळाचं मैदान. १९४८-४९च्या नाकेबंदीत शहराला धान्य आणि कोळसा पोचवणारी विमानं उतरायची त्यातलं हे एक. २००८मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१०मध्ये तीनशे हेक्टरांहून मोठी ही मोकळी जागा लोकांना मिळाली. शहरात घरांची टंचाई आहे, म्हणून कडेकडेने इमारती बांधायची योजना आली. २०१४मध्ये सार्वमत झालं आणि बर्लिनकरांनी मैदान मोकळंच ठेवायचा कौल दिला. तो योग्य होता का, यावर तिथे अजून वाद घालतात, आणि भाड्याची खोली शोधताना मलाही वाटलं होतं की चार इमारती झाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण जुन्या धावपट्टीवर संध्याकाळी नऊला उतरत्या उन्हात धावताना तसं वाटत नाही. एकदा एका झिंगलेल्या बाप्याने मागून ओरडून काहीतरी म्हटलं. जर्मन न येण्याचे फायदे असतात.

बर्लिनचं श्रेय घड्याळालाही द्यायला हवं. आमच्या टीमची रोजची मीटिंग भारतात सकाळी दहाला असते. म्हणजे बँकॉक-हनोईत साडेअकराला, त्यामुळे सकाळ माझी. बर्लिनच्या उन्हाळ्यात तीच मीटिंग सकाळी साडेसहाला. पण मग दुपारी तीनला लॅपटॉप मिटायचा आणि साडेनऊपर्यंत उजेड. पुण्यात असताना मी दहाला मीटिंग करायचे, आठला घर सोडून ट्रॅफिकमध्ये बसायचे आणि रात्री आठला परत यायचे. या वेळापत्रकात धावायचं असेल तर पहाटे पाचला किंवा रात्री नऊला. दोन्ही वेळा अंधाराच्या. आणि अंधार सगळ्यांसाठी सारखा नसतो.

मध्येच पासपोर्टचं एक सांगून टाकते. परदेशात सवयी कशा लावाव्यात हे सांगणाऱ्या बहुतेकांकडे असा पासपोर्ट असतो की एखाद्या गावात मन रमलं तर त्यांना राहता येतं. मी गेले तेव्हा थायलंडने शिक्का साठ दिवसांचा दिला, मलेशियाने तीसचा, व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वदचा आणि युरोपात एकशे ऐंशीपैकी नव्वद दिवस, तेही बँकेची स्टेटमेंटं आणि बोटांचे ठसे देऊन. कुठल्या कोपऱ्यावर सिग्नल लवकर सुटतो, कुठल्या गल्लीत कुत्रं आहे, कुठल्या नळाचं पाणी पिता येतं हे कळायलाच तीन आठवडे जातात, आणि मग बॅग भरायची वेळ येते. म्हणून मी खोली घेताना आधी खोलीचे फोटो बघत नाही. नकाशा उघडते, एक किलोमीटरच्या आत हिरवा ठिपका आहे का बघते, आणि तिथपर्यंत किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात ते मोजते. माझी सगळी ‘साधना’ या दहा मिनिटांत उरकते.

पण रस्ता म्हणजे नुसता सिमेंटचा पट्टा नव्हे. त्यावर कोण धावतंय, हेही त्यात येतं. १९६७मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला पकडून बाहेर ओढायचा प्रयत्न केला, कारण ती बाई होती. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. २०२०च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अहमद आर्बेरी नावाचा पंचविशीतला कृष्णवर्णीय तरुण धावायला गेला असताना गोऱ्या माणसांनी गाडीतून त्याचा पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घातल्या. त्या वस्तीतले रस्ते उत्तम होते. हे लक्षात ठेवलं की ‘बूट घाला आणि निघा’ हा सल्ला कुणाच्या तोंडून येतो आणि कुणाच्या कानात शिरतो, हे तपासावंसं वाटतं.

माझा चुलतभाऊ मॅरेथॉन धावतो. दादा खरंच मेहनती आहे, हे आधी सांगते, कारण तो हे वाचणार आहे. पहाटे साडेचारला उठतो, एकटा वीस-वीस किलोमीटर धावतो, आणि स्टेटसला लिहितो, ‘सबबी सांगणं बंद करा.’ दादाला सबबी लागत नाहीत हे खरंच आहे. साडेचारला रिकाम्या रस्त्यावर त्याच्यासमोर कुत्र्यांपलीकडे संकट नाही. साडेसहाला तो घरी येतो तेव्हा दोन्ही मुलांचे डबे भरलेले असतात, गणवेशाला इस्त्री झालेली असते, आणि पोहे झाकून ठेवलेले असतात. वहिनीही पाचलाच उठते. शाळेत असताना ती खो-खो जिल्हापातळीवर खेळायची. संरक्षण करताना कुणाला सापडायची नाही, असं तिच्या माहेरची माणसं अजून सांगतात. आता घरात तिच्याबद्दल सगळे लाडाने म्हणतात, ‘हिला व्यायामाचा आळस!’ ती हसते आणि कुकरची शिट्टी मोजते.

मी परदेशात चार दिवस धावू शकले, याचं एक मोठं कारण हेही आहे की तिथे माझ्यासाठी डबा कुणी मागत नव्हतं. बँकॉकला कोपऱ्यावरची बाई भाताबरोबर तुळशीच्या पानांत परतलेलं चिकन देते, ते खाऊन मी मोकळी. पाहुणे नाहीत, सण नाहीत, ‘एवढं लसूण सोलून दे गं’ नाही. एकट्या, पगारदार, मूलबाळ नसलेल्या बाईने वेळ काढला, यात कौतुक कसलं?

आता पुणं. मला पुण्याबद्दल वाईट लिहायला आवडत नाही. ते काम पुणेकर स्वतः उत्तम करतात. वेताळ टेकडीवर पहाटे जा, तुम्हाला शहरातली सगळ्यात आनंदी माणसं भेटतील. मोर दिसतात, गप्पा ऐकू येतात, सत्तरीचे काका तुम्हाला मागे टाकून जातात. पण टेकडी उजाडल्यावरची. आईचा नियम होता, ‘उजाडल्याशिवाय टेकडीवर पाऊल टाकायचं नाही, आणि एकटीने तर नाहीच.’ मी सव्वीस वर्षांची होते, घराचा हप्ता भरत होते आणि हा नियम पाळत होते, कारण नियम बरोबर होता. म्हणून मी एका ग्रुपमध्ये गेले. पुण्या-मुंबईत धावण्याचे ग्रुप भरपूर आहेत आणि ते फार चांगलं काम करतात. पण ग्रुप कशासाठी लागतो ते बघा. एकटीला जाता येत नाही म्हणून दहाजणींनी एकत्र जायचं. ग्रुप म्हणजे वर्गणी काढून बांधलेला फूटपाथ. एखादीची रात्रपाळी आली, एखादीचं मूल आजारी पडलं, की तिचा फूटपाथ त्या दिवसापुरता उखडला.

ज्या टेकडीवर आम्ही धावायचो तिच्यावरून रस्ता आणि पोटातून बोगदे काढायच्या योजना आहेत. २०२३मध्ये पुणेकरांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. त्या मोर्चात ज्येष्ठ नागरिक होते, पक्ष्यांचा अभ्यास करणारे होते, भूजलाचे जाणकार होते. शिस्तीवर व्याख्यानं देणारे धावक जेवढे असायला हवे होते, तेवढे मला दिसले नाहीत. त्यांचा बहुधा लाँग रन असावा.

इथे कुणीतरी अविनाश साबळेचं नाव घेतं. घेतंच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा, शाळेत पायी जायचा, कुठे होता त्याला ट्रॅक? २०२२मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुलचं रौप्य आणलं, २०२३मध्ये हांगझोला आशियाई सुवर्ण. मग तुम्हाला फूटपाथ कशाला हवा? साबळेबद्दल मला प्रचंड अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याचा छडीसारखा वापर झालेला मला खपत नाही. शाळेत पायी जाणारी मुलं त्या दुष्काळी पट्ट्यात हजारो होती. साबळे धावपटू झाला तो सैन्यात गेल्यावर. तिथे त्याला पोटभर आहार मिळाला, प्रशिक्षक मिळाला, ट्रॅक मिळाला, आणि धावणं हीच नोकरी मिळाली. त्याच्या मेहनतीला हात जोडावेत. पण त्या कथेतून ‘सोयींची गरज नसते’ हा निष्कर्ष काढायला कथेचा उत्तरार्ध फाडून टाकावा लागतो.

शिस्तीच्या प्रवचनाची ही खरी किंमत आहे. धावणं हा स्वभावाचा गुण मानला की न धावणारी वहिनी आळशी ठरते आणि महापालिका निर्दोष सुटते. आमच्या एका जुन्या कंपनीत दरवर्षी चालण्याची स्पर्धा असायची, दिवसाला दहा हजार पावलं. (हा दहा हजारांचा आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं.) जिंकणाऱ्याला बाटली आणि टी-शर्ट. आणि ऑफिसच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंतच्या रस्त्याला फूटपाथच नव्हता. पावसाळ्यात आम्ही डंपरच्या आणि गटाराच्या मधल्या दीड फुटातून चालायचो. मग लोक पावलं कुठे भरायचे? पार्किंगच्या तळघरात, गोल गोल. मी तिथे वर्षभर सहकाऱ्यांना जेवणानंतर एसयूव्हींना प्रदक्षिणा घालताना पाहिलं आहे. त्यांना शिस्त नव्हती असं कोण म्हणेल?

हॉटेलातली ट्रेडमिल मला या तळघराची सख्खी बहीण वाटते. प्रवासी धावकांना तिचं फार कौतुक, कारण ती सगळीकडे सारखी असते. तेच तर तिचं दुखणं आहे. तिच्यावर धावून साखळी टिकते, ॲपवर ठिणगी पेटलेली राहते, आणि बाहेरचं शहर सुधारलं काय, न सुधारलं काय, आपल्याला फरक पडत नाही. ज्यांना परवडतं ते आत गेले, की बाहेरच्या फूटपाथसाठी भांडायला उरतं कोण? आपल्या नव्या सोसायट्यांच्या जाहिरातीत ‘जॉगिंग ट्रॅक’ लिहिलेला असतो, भिंतीच्या आत, साडेतीनशे मीटरचा. भिंतीच्या बाहेर त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेने, गाड्यांना पाठ देऊन चालत असतात. दिवसाला दहा हजारांहून जास्तच पावलं होत असतील त्यांची. टी-शर्ट नाही मिळत.

आपल्याकडे काही होतच नाही असं नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला, तेव्हा तिथे संध्याकाळी फिरायला माणसं आपोआप आली. कुणाला प्रेरणा द्यावी लागली नाही. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करतात. पोरं रस्त्यावर लगोरी खेळतात, आजोबा मधोमध खुर्ची टाकून बसतात. वर्षातून एक दिवस. हनोई हे दर आठवड्याला अडीच दिवस करतं. कोलंबियातल्या बोगोटाने याची सुरुवात १९७४मध्ये केली आणि आता ते दर रविवारी करतं. आज तिथे शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पायी आणि सायकलवाल्यांना मोकळे असतात. ही श्रीमंत शहरं नाहीत. आणि आपण शहरातले रस्ते धावण्यासाठी कधी बंद करतो? मॅरेथॉनच्या दिवशी, एका सकाळी, छातीवर नंबर लावायचे पैसे भरलेल्यांसाठी. धावून झालं की पदकाचा फोटो काढायचा आणि सोमवारपासून पुन्हा ट्रॅफिकमध्ये बसून शिस्तीचे व्हिडिओ बघायचे.

उठावं तर लागतंच, असं कुणी म्हणेल. लागतं. पहाटे पांघरूण सोडताना मलाही जिवावर येतं, आणि तो क्षण माझा एकटीचा असतो हे मी नाकारत नाही. पण तो क्षण चार सेकंदांचा आहे. त्यानंतरचा पाऊण तास शहराचा असतो. चार सेकंदांवर आपण ग्रंथ लिहिले, ॲप काढली, पगारदार प्रशिक्षक ठेवले. पाऊण तासाबद्दल नगरसेवकाला एक अर्ज करायचा तर सोसायटीच्या ग्रुपवर तीन जण सह्या करतात आणि बाकीचे नमस्काराचा हात पाठवतात.

पुढच्या महिन्यात मी परत येते आहे. घर बघायला सुरुवात केली आहे, फोनवरूनच. एजंटला मी तीन प्रश्न विचारते : जवळ मैदान आहे का, तिथपर्यंत फूटपाथ आहे का, आणि मैदानातले दिवे रात्री नऊनंतर चालू असतात का. आतापर्यंत पाच एजंटांशी बोलले. चौघांनी पार्किंग किती गाड्यांचं आहे ते सांगितलं. पाचवा जरा थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, दिव्यांचं मी संध्याकाळी जाऊन बघून सांगतो.’ त्याच्या फोनची वाट बघते आहे. वहिनीलाही विचारून ठेवलंय, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तासभर येशील का म्हणून. ती म्हणाली, ‘डब्याचं दादाला विचार.’ दादाला मेसेज टाकला आहे. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून नाही.